जांभूळसड्यावर पाणी नेताना

मे महिन्यात आम्ही पाटणच्या डोंगरात आठ दिवस राहून आलो, हे कळल्यावर पलूसमध्ये ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, "काय सर, थंड हवेला गेला हुता व्हय?" मी प्रत्येकाला उजवा खांदा दाखवला. कातडं सोलून नवीन येत होतं. थंड हवेच्या ठिकाणी लोखंडी पाईप वाहून न्यावे लागत नाहीत. पण विचारणाऱ्यांची चूक नाही. आमच्या बागायती मुलखातला माणूस त्या बाजूला सहसा जात नाही. गेलाच तर धरण बघतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच काढावं.

मी इथल्या हायस्कुलात कार्यशाळेचा शिक्षक आहे. त्याआधी पंधरा वर्षं लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. आमच्या तांत्रिक विभागात मुलं लोखंडाचा एक ठोकळा कानशीनं घासून गुण्यात आणतात. चारी बाजू काटकोनात आल्या की मी मार्क देतो आणि ठोकळा कोपऱ्यातल्या पेटीत टाकतो. गेल्या साली दहावीतल्या शालननं आपला ठोकळा माझ्या हातात देताना विचारलं, "सर, ह्यो कुठं बसवायचा?"

"कुठं नाही. हात बसावा म्हणून करायचा."

"म्हंजी कुणाच्याच उपयोगाचा न्हाई?"

ती तांत्रिक विभागात आलेली आमची पहिली मुलगी. उद्धटपणा नव्हता तिच्या बोलण्यात, खरंच विचारत होती. मी ठोकळा पेटीत न टाकता टेबलावरच ठेवला.

त्याच महिन्यात सखारामचं पत्र आलं. सखाराम माझ्या हाताखाली होता. तो अजून पलटणीत आहे, दूर सरहद्दीवर. त्याची वाडी पाटणच्या वर, जांभूळसडा नावाची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट पठार. त्यानं लिहिलं होतं, 'आईचे गुडघे गेले तरी झऱ्यावर जाते. बायको एकटी किती खेपा घालणार? झरा वाडीच्या वर आहे, पाणी आपोआप खाली यायला पाहिजे असं मला वाटतं. तुम्ही एकदा बघाल का?'

मी पत्र वर्गात वाचून दाखवलं. आठ मुलं तयार झाली. शालनच्या वडिलांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमच्या मंडळी येणार असतील तर न्या." आमची मंडळी, म्हणजे सुमन, आतून ऐकत होती. तिनं त्याच दिवशी भाजणी दळायला घेतली.

पाईप आणि पायवाट

बंद पडलेल्या एका विहिरीवरचे जुने एक इंची पाईप मुलांनी मागून आणले, दोन-तीन शेतकऱ्यांनी आपणहून दिले. सत्तर भरले. एक ट्रक रिकामाच पाटणकडे लोणारी कोळसा आणायला निघाला होता, त्यात ते टाकले. सोबत एक पोतं सिमेंट आणि दस्तगीरची पेटी. दस्तगीरचे वडील आमच्या गावात पंप आणि इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी पोराला आपला पाना, आटे पाडायचा साचा आणि हातड्रिल दिलं होतं. पेटी देताना मला म्हणाले, "पोरगं हरवलं तर चालंल सर, पाना हरवू देऊ नका." आणि मग मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून पटकन आत गेले.

आम्ही एस्टीनं कराडमार्गे पाटणला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं डोंगराच्या पायथ्याला उतरलो. पाईप रस्त्याच्या कडेला टाकून ट्रक पुढं गेला होता. वर वाडीपर्यंत तासाभराची चढण. ऊस वाहिलेली पोरं, त्यांना वाटलं दोन खेपांत काम होईल. वीस फुटी पाईप खांद्यावर घेऊन वळणाच्या पायवाटेवर चढणं म्हणजे काय, ते पहिल्या वळणावर कळलं. पुढचा माणूस वळला की मागचा दरीच्या बाजूला झुलतो. विलास मागं होता. हा आमचा गणितातला हुशार मुलगा, काटकुळा, चष्मेवाला. तो करवंदीच्या जाळीत गेला आणि काटे काढता काढता पिकली करवंदं खात बसला. बाकीच्यांनीही पाईप खाली टाकले. त्या दिवशी संध्याकाळी आठातल्या पाच जणांची पोटं बिघडली.

दुसऱ्या खेपेला वरून माणसं खाली येताना दिसली. बायकाच होत्या. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईत, गोदीत नाहीतर गिरणीत. त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर पाईप आडवा न ठेवता उभ्या वाटेच्या रोखानं धरला, एक पुढं एक मागं, आणि बोलत बोलत वर निघूनही गेल्या. दस्तगीर बघत राहिला. "सर, ह्यांना कुणी शिकीवलं?" मी म्हटलं, "ह्या वाटेनं."

एक तांब्या पाणी

वाडी बावीस घरांची. सखारामच्या अंगणात त्याची आई बायजाआक्का उभी होती. सत्तरीची, वाळलेली, गुडघ्यांना एरंडाची पानं बांधलेली. शेजारी सून पारू, कडेवर वर्षाची मुलगी. आमच्याकडं पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात. इथं पारूनं तांब्याचा हंडा पुढं ठेवला आणि म्हणाली, "पाय धुवा."

पोरं घामानं निथळत होती. आमच्याकडं पाटाला बारमाही पाणी. हात धुवायला बसला की माणूस पाट मोकळा सोडतो. त्याच सवयीनं पोरांनी पाय धुतले, तोंडं धुतली, एकमेकांच्या अंगावर चुळा टाकल्या. हंडा रिकामा झाला. पारूनं तो उचलला आणि घराच्या मागच्या वाटेला लागली. शालन तिच्यामागं गेली.

दिवस कलल्यावर दोघी परत आल्या. शालनच्या डोक्यावर कळशी, परकराचा घोळ भिजलेला. तिनं कळशी उतरवली आणि पोरांकडं न बघता म्हणाली, "झरा बोटाएवढा हाय. हंडा भरंस्तवर निम्मा इळ जातोय. तिथं आठ बाया नंबर लावून बसल्यात्या." पोरं धुतलेल्या तोंडांनी उभी होती. त्या दिवसापासून आमच्यातला प्रत्येक जण हात धुवायला अर्धा तांब्या घेऊ लागला. मी काही सांगितलं नव्हतं.

जेवायला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. शाळूच्या पांढऱ्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या पोरांना ती काळी भाकरी करपल्यासारखी वाटली. विलासनं हळूच काकूला, म्हणजे सुमनला, विचारलं, "जळलीया का?" बायजाआक्कानं ऐकलं आणि हसून हसून तिला ठसका लागला. "आवं, माज्यासारकी काळी हाय ती. पर दम धरती." तिसऱ्या दिवशी विलास चार भाकरी खाऊ लागला.

झऱ्यावर

सोमवारी मोजणीला सुरुवात. झरा वाडीपासून चौदाशे फुटांवर, डोंगराच्या पोटात. मध्ये एक घळ, घळीनंतर डोंगराची सोंड, आणि सोंड उतरली की वाडी. बायकांची पाऊलवाट अशीच खाली-वर होत जाते.

झऱ्याशी शेंदूर लावलेला एक दगड आहे. पारूनं आम्हाला वीस पावलं आधीच थांबवलं. "पायतानं हितं काढा." आम्ही काढली. मग मी कुदळ मागितली तशी बायजाआक्का म्हणाली, "थांबा मास्तर. समदं पानी न्हेणार का?"

"म्हणजे?"

"खाली जनावरं पित्यात. भेकरं येत्यात, रानडुकरं येत्यात. मोर येत्यात. त्यास्नी काय नळ न्हाई."

मी पलटणीत पाणी अडवायला शिकलो, सोडायला नाही. मुलांनी तिथंच बसून टाकीचं चित्र बदललं. दगड-सिमेंटची लहानशी कुंडी, पाईप तळाशी, आणि वरच्या कडेला एक खाच. कुंडी भरली की जादा पाणी खाचेतून जुन्या वाटेनं खाली जाईल. बायजाआक्कानं खाच किती खोल, ते बोटानं दाखवलं. तेवढीच ठेवली.

पातळी काढायला आम्ही गवंड्याची पाण्याची नळी नेली होती. प्लॅस्टिकची पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना काठ्या. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला उभं राहतं. विलास आकडे लिहायचा. बायका हंडे घेऊन जाता-येता थांबायच्या. एकीनं विचारलं, "तुमी बी मोजून जानार का?" आवाजात राग नव्हता. मागं दोनदा कुणीतरी येऊन मोजून गेलं होतं, पुढं काही झालं नव्हतं. विलासनं चष्मा वर केला आणि म्हणाला, "न्हाई मावशी. मोजून बसवणार हाय."

आकडे चांगले आले. झरा वाडीच्या बराच वर. सोंडेचा माथासुद्धा झऱ्यापेक्षा दोन हात खाली. मी जमिनीवर काठीनं रेघ ओढली. घळीत उतरून, सोंडेवरून सरळ वाडीत.

शालन रेघेकडं बघत होती. "सर, पाईप सोंडेवरनं चढवायचा न्हाई. खालनं वळसा घालूया. चढावर हवा धरंल."

"सोंड झऱ्याच्या खाली आहे. पाणी चढणारच."

"आमच्या मळ्यात पाईप मधीच उचलला की हवा धरतो. दादा मग बोंब मारत्यात."

वळसा घालायचा तर आणखी तीनशे फूट पाईप लागणार होता, तो आमच्याकडं नव्हता. तेवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मी म्हणालो, "तुझ्या दादांचं इंजिन वेगळं आणि उताराचं पाणी वेगळं. हे मी अकरा ठिकाणी करून बसलोय." मुलं हसली. शालननं मान खाली घातली आणि पाईप उचलायला गेली.

तीन दिवसांचं काम

पुढचे तीन दिवस चांगले गेले, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला थोडंच आहे. प्रत्येक पाईप आभाळाकडं धरून आतून बघायचा. एकात चिखल वाळून दगड झाला होता, एकात गांधीलमाश्यांचं घर निघालं. ते बघणाऱ्याचा डोळा दोन दिवस बंद होता. सुमननं हळद लावून लावून त्याला पिवळा केला. सड्याच्या कातळात चर खणता येत नाही, म्हणून पाईपाला दगडांचे टेकू दिले. दस्तगीर जोड आवळायचा आणि प्रत्येक जोडाला कान लावायचा, जणू आतून कुणी बोलणार आहे. बायजाआक्का त्याला 'नळाचा डाक्टर' म्हणू लागली.

वाडीत पावसाची तयारी चालली होती. आमच्याकडं पाऊस म्हणजे वाट बघायची गोष्ट. इथं चार महिने घराबाहेर पडता येत नाही, म्हणून मे महिन्यातच घरं गवतानं शाकारतात, लाकडं भरतात, पानांची इरली विणतात. इरलं म्हणजे डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं पानांचं टोपलंच. ते घालून वाकून भात लावता येतो. एवढा पाऊस झेलणारी वाडी आणि मे महिन्यात बोटभर धारेखाली नंबर लावते, हे पोरांना उमजत नव्हतं. पारूनं समजावलं. "कातळ हाय न्हवं. आल्यालं पानी पाय लावून पळतंय. थांबतच न्हाई." विलासनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

गुरुवार

गुरुवारी दुपारी शेवटचा जोड बसला. वाडीतल्या बायकांनी हंडे राखेनं घासून लखलखीत करून ओळीनं ठेवले होते. कुणी पाईपाच्या तोंडाशी हळदीकुंकू वाहिलं. मी सोंडेवर उभ्या केलेल्या मुलाला हात केला, त्यानं झऱ्याकडं हाक दिली आणि तिथल्या मुलांनी बोळा काढला.

पाईपातून फुस्‌ असा आवाज आला. थोडा वारा आला. पारूच्या मुलीनं तोंडाशी हात नेला आणि हसली. मग आवाज थांबला.

आम्ही उभे राहिलो. पाव तास गेला, अर्धा गेला. दस्तगीर ओळीनं जोडांना कान लावत गेला आणि परत आला. कुठं गळत नव्हतं. पाणी कुंडीतून आत जायचं थांबलं होतं, खाचेतून खाली वाहू लागलं होतं.

एका बाईनं आपला हंडा उचलला, चुंबळ ठेवली आणि झऱ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागून दुसरी. हंडे इतके स्वच्छ घासले होते की पार वळणापर्यंत चमकताना दिसत होते. बायजाआक्का तेवढी थांबली. "हुईल, बाळांनू," ती म्हणाली. "आदी भाकरी खावा."

त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विलास वही घेऊन सखारामच्या ओसरीवर बसला. "मी कुठंतरी चुकलो सर. सोंड वर असंल." मी म्हटलं, "परत मोज." तो नळी घेऊन पोरांबरोबर उन्हात गेला. दोन तासांनी आला, आकडे तेच. "मग काठी धरताना चुकलं असंल," म्हणाला आणि पुन्हा निघाला.

मला आता खरं लिहायचं आहे. तो पहिल्यांदा निघाला तेव्हाच माझ्या मनात सोंड आली होती. घळीतून वर चढलेलं पाणी सोंडेपलीकडं उतरताना मध्ये हवा कोंडते, आणि ती हवा पुढच्या पाण्याला अडवून धरते. शालननं हेच सांगितलं होतं. मला ते कळलं होतं आणि तरी मी त्या पोराला उन्हात पाठवलं, कारण आकड्यांत चूक निघाली असती तर माझी लाज वाचली असती.

सुमन चुलीशी होती. ती बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. "विलास पाईपाजवळ बसून रडतोय," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे ना, काय चुकलंय ते?"

मी तिच्याकडं बघितलं नाही.

"पंधरा वर्षं तुमची पत्रं वाचलीत मी. कधी काय लपवायचात ते मला अक्षरावरनं कळायचं. तोंडावरनं कळणार नाही?"

मी उठलो. मुलांना अंगणात बोलावलं. झऱ्यावरून परतलेल्या बायका हंडे उतरवत होत्या, त्याही थांबल्या.

"मोजणी बरोबर आहे," मी म्हणालो. "विलासचं काही चुकलेलं नाही. सोंडेवर हवा कोंडलीय. शालननं मला सोमवारीच सांगितलं होतं. मी तिचं ऐकलं नाही, वर तिची थट्टा केली. चूक माझी आहे. आणि दुपारपासून मला हे कळत होतं, तरी मी विलासला उन्हात फिरवलं. तीही माझीच."

शालन आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. विलासनं चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "म्हंजी आकडे बरोबर हुते?" आणि त्याचा चेहरा असा उजळला, की माझ्याविषयी त्याच्या मनात काही उरलंच नाही. माझ्या मनात मात्र उरलं.

बायजाआक्का म्हणाली, "मास्तर, माजा दादला साठ वर्साचा हून गेला, पर 'चूक माजी' म्हनून कवा बोलला न्हाई. हिकडं या, च्या घ्या." बायका हसल्या. त्या हसण्यानं अंगण मोकळं झालं.

"शालन," मी विचारलं, "दादा मळ्यात काय करतात हवा धरल्यावर?"

"वरच्या अंगाला बूच काढत्यात," ती म्हणाली. "हवा गेली की बशिवत्यात."

शुक्रवार

सकाळी दोन-चार म्हाताऱ्या सोडून सगळी वाडी सोंडेवर आली. दस्तगीरनं माथ्यावरच्या पाईपाला हातड्रिल लावलं. पाईप जुना, जाड. आळीपाळीनं सगळ्यांनी फिरवलं. पारूनंही मुलीला सासूकडं दिलं आणि मूठ धरली. तिचा हात पोरांच्या हातापेक्षा सरळ चालत होता. जात्यावर दळणारा हात, त्याला गोल फिरवणं कुणी शिकवायला नको.

भोक पडलं आणि आतून शीळ घातल्यासारखी हवा सुटली. लांबलचक. दस्तगीरनं त्यावर तळवा धरला, काढला. हवा, हवा, हवा. मग थुंकी उडाल्यासारखं पाणी त्याच्या तोंडावर आलं. शालननं ऐनाच्या लाकडाची खुंटी तासून ठेवली होती. तिनं ती भोकात ठोकली, दोन ठोक्यांत.

आम्ही कान देऊन उभे राहिलो. खाली वाडीतून एक म्हातारी ओरडली. शब्द कळला नाही. सगळ्या पोरांनी एकदम उतारावर धाव घेतली. मी मागं राहिलो. मला पळवेना, आणि तोंडही पुसायचं होतं.

खाली पोचलो तेव्हा पहिला हंडा भरत होता. पाणी गंजानं तांबडं, चहासारखं, आणि उन्हात तापलेल्या पाईपातून आल्यानं चक्क ऊन. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या हंड्याला ते निवळलं. धार बोटाएवढीच होती, पण ती दारात पडत होती. बायजाआक्का त्याखाली हात धरून बसली. पाणी तिच्या बोटांतून खाली गळत होतं आणि ती ते अडवतही नव्हती, पीतही नव्हती.

शनिवारी आम्ही फक्त शिकवलं. खुंटी कधी काढायची, कुंडीतला पाला कधी उपसायचा, जोड सैल झाला तर पाना कसा लावायचा. शिकवणारी शालन, शिकणारी पारू. शालननं तिच्याकडून तीनदा खुंटी काढून-ठोकून घेतली. तिसऱ्या वेळी पारू म्हणाली, "बाई, मला आलं आता," आणि शालन लाजली. तिला 'बाई' म्हणणारी ती पहिली.

दस्तगीरनं पाना पारूजवळ ठेवला. मी त्याच्याकडं बघितलं. "आब्बा चिडतील रं."

"चिडू द्या सर. तिथं दुसरा हाय. हितं कुठला?"

परतताना

रविवारी सकाळी निघायचं होतं. आम्ही सामान बांधून अंगणात आलो तर घराघरांसमोर बायका नुसत्या बसलेल्या. कुणी पोराच्या डोक्यात तेल घालत होती, कुणी काहीच करत नव्हती. एकीनं सुमनला सांगितलं, "पानी भरून झालं, झाडलोट झाली, तरी उन्हं दारात आल्याली न्हाईत. आता काय करावं सुदरंना झालंय."

आम्ही नमस्कार केले, पाया पडलो, आणि पायवाटेला लागलो. थोडं गेल्यावर मागं बघितलं तर पारू येत होती, कडेवर मुलगी घेऊन. तिच्यामागं आणखी दोघी. मग सगळ्याच. शेवटी बायजाआक्का, एका हातात काठी, दुसरा हात विलासच्या खांद्यावर.

"आक्का, तुम्ही कशाला?" मी म्हटलं. "चढण परत चढायची आहे."

"चडीन सावकाश. मास्तर, पावनं निघालं की आमी उंबऱ्यातनंच हात करायचा. झऱ्यावर नंबर लागल्याला आसायचा. लेक सासरी गेली तरी तिला रस्त्यापतुर कवा सोडाया आलो न्हाई मी." ती दम घ्यायला थांबली. "आज कुनाचा नंबर न्हाई."

आम्ही तिच्या चालीनं उतरलो. तासाच्या वाटेला दोन तास लागले. शालन आणि पारू सगळ्यात मागं, बोलत. रस्त्याला आलो तसे सगळे झाडाखाली बसलो. बायका गाड्या बघत होत्या. एक बैलगाडी गेली, एक ट्रक गेला. त्या प्रत्येकाकडं मान वळवून बघत राहिल्या.

एस्टी आली. कंडक्टर दार उघडून खाली उतरला आणि एवढी गर्दी बघून गोंधळला. "चला, चला, लवकर. समद्या कुठं निघाला?"

बायजाआक्का झाडाला टेकून बसली होती. ती उठली नाही. पदर सारखा करून ती त्याला म्हणाली, "कुटं न्हाई बाबा. आमी नुस्त्या आलोय."